म्हशीच्या पसंतीचं कुत्रं

लग्न करून कसबा बावड्यात आले तेव्हा उंबऱ्यावर मला दोघांनी अडवलं. नणंदेनं नाव घ्यायला आणि एका तांबड्या गावठी कुत्र्यानं वास घ्यायला. नणंदेचं एका उखाण्यात भागलं. कुत्र्यानं मात्र पायापासून पदरापर्यंत दोनदा हुंगलं आणि मग मोठ्या उपकारानं बाजूला झालं. मी कोल्हापुरातल्या मास्तरांची मुलगी, स्वतः शाळेत शिकवणारी. कुत्र्यानं तपासून घरात घेतलं याचा मला भयंकर राग आला होता. दोन वर्षांनी त्याच कुत्र्यासाठी मी भाकरीचा शेवटचा तुकडा ताटात राखून ठेवायला लागले.

त्याला नाव नव्हतं. माझे सासरे त्याला 'लेका' म्हणायचे, तेवढ्यावर त्याचं चालायचं. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, आणि गावही मामाच म्हणायचं. घरचा धंदा दुधाचा. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. सकाळ-संध्याकाळ म्हशी चालवत शहरात न्यायच्या, कट्ट्यावर उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून द्यायची अशी रीत होती. तालमीतले पैलवान तिथंच उभ्यानं पेल्यातलं फेसाळ दूध रिचवायचे. रस्त्यानं सगळ्यात पुढं कुत्रा, मागं चार म्हशी आणि शेवटी मामा, अशी ती मिरवणूक निघायची.

चारांतली लांब शिंगांची म्हैस रेडकू असल्यापासून त्या कुत्र्याच्या मागं हिंडलेली. तो थांबला की ही थांबायची, तो पळाला की ही पळायची. दिवाळी पाडव्याला आमच्याकडं म्हशींची सगर असते. म्हशींना धुऊन, तेल लावून, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि घुंगरं बांधून गावासमोर रस्त्यावर पळवायचं. दाव्याशिवाय, नुसत्या मालकाच्या हाकेवर जी म्हैस पळेल तिच्या मालकाची छाती वर्षभर फुगलेली. कुणाची म्हैस सायकलीमागं पळायची, कुणाची नव्यानं आलेल्या फटफटीमागं. आमची कुत्र्यामागं पळायची. मामा आभाळाकडं तोंड करून ओरडायचे, "पळ की लेका!" आणि कुत्रा सुटायचा, त्याच्यामागं ही धूड बाई घुंगरं वाजवत सुटायची. मिसरूड फुटल्यापासून मामांनी एकही सगर चुकवली नव्हती.

माझ्या लग्नानंतरची तिसरी सगर झाली आणि महिन्याभरात कुत्रा गेला. म्हातारा झालाच होता. सकाळी म्हशी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, पण हा गोठ्याच्या कोपऱ्यातून उठलाच नाही. मामांनी बांधावर स्वतःच्या हातानं खड्डा खणला, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. चुलीसमोर बसून रडले आणि धुराचं निमित्तही केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून लांब शिंगवाली फाटकातून हलेना. पुढं कुणी नाही, जायचं कुणामागं? माझे यजमान तिला दाव्यानं ओढत कट्ट्यावर न्यायला लागले. मामांनी कट्ट्यावर जाणंच सोडलं. गोठ्यासमोर घोंगडं टाकून बसायचे. एकदा यजमानांनी पुढच्या पाडव्याचा विषय काढला तर म्हणाले, "आपली म्हस आता सगरीत न्हाई. संपलं ते." एवढं बोलायलाही त्यांना दम लागला. आता दुसरा कुत्रा आणल्याशिवाय हा माणूस उठत नाही, हे मी त्याच दिवशी ओळखलं.

पण कुठला? गावठी पिल्लू दारोदार मिळत होतं. मामा म्हणाले, "त्याच्यावाणी दिसणारं कायबी दारात नको. मला बगवायचं न्हाई." मग मी वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून तक्ताच केला. डावीकडं जाती, वर गुण. घरात सगळे हसले, पण माझ्या मागून येऊन वहीत डोकावून गेले.

शहरातल्या एका डॉक्टरांचा अल्सेशियन यजमानांनी दोन दिवसांसाठी मागून आणला. काय ऐट त्याची! म्हशीनं त्याला पाहिलं, शिंगं खाली घातली आणि दोन्ही दिवस पान्हा चोरला. गिऱ्हाईक रिकामे पेले घेऊन उभं. अल्सेशियन परत गेला. शेजारच्या गल्लीत एकांकडं पांढराशुभ्र पामेरियन होता. त्याला मी कडेवर घेऊन गोठ्यात नेलं. म्हशीनं नाकातून नुसतं फुस्स केलं आणि तो माझ्या पदरात शिरला तो बाहेर येईना. मामा घोंगड्यावरून एवढंच म्हणाले, "सूनबाई, ह्येला कापसाच्या गादीत भरा." बऱ्याच दिवसांनी त्यांनी केलेली ती पहिली थट्टा, म्हणून मला राग आला नाही.

तक्त्यात 'पळणे' या रकान्यात सगळ्यात वर होती ती मुधोळकडची शिकारी जात. लांब पाय, खपाटीचं पोट, सशाला गाठणारी. आम्हाला काम पळण्याचं, मग पळणारीच जात आणायची, इतकं ते सरळ होतं. संक्रांतीच्या सुट्टीत आम्ही दोघं एस.टी.नं गेलो आणि एका म्हाताऱ्या कानडी शेतकऱ्याकडून दोन महिन्यांचं पिल्लू घेऊन आलो. निघताना म्हातारा मोडक्या मराठीत पुन्हा पुन्हा सांगत होता, "तीन बरगडी दिसायला पायजे, अक्का. तिसरी झाकली, की जेवण कमी." एस.टी.त बसल्यावर यजमान म्हणाले, "स्वतः उपाशी ठेवतोय आणि वर आम्हाला शिकवतोय." मीही हसले. ती आमची घोडचूक.

कारण पिल्लू कोल्हापुरात आलं होतं. इथं काडीसारखं लेकरू दिसलं की माणसांच्या जिवाला घोर लागतो. पहिल्याच दिवशी कट्ट्यावर एक पैलवान यजमानांवर गरजला, "पावणं, दुधाचा धंदा करतासा आन् कुत्र्याच्या बरगड्या मोजून घेतासा? लाज हाय का न्हाई?" सगळा कट्टा त्याच्या बाजूनं. त्या दिवसापासून प्रत्येक पैलवान आपल्या पेल्यातला शेवटचा घोट पिल्लाला पाजायला लागला. मग कुणी भिजवलेले बदाम आणले, कुणी अंडी. तालमीत नवा पोरगा दाखल झाल्यासारखा त्याचा खुराक सुरू झाला. घरी मी चपातीला तूप लावून चारायची, आणि तूप हात राखून नव्हतं. पावसाळा संपेपर्यंत त्याच्या बरगड्या कुठं गेल्या ते देवाला ठाऊक. पाय शिकारी, तोंड शिकारी, मधलं सगळं पैलवानाचं.

मामा त्याला 'पावणं' म्हणायचे. "पावणं, वाट सोडा." "पावण्यांस्नी भाकरी घाला." वर्ष होत आलं तरी त्यांच्या लेखी तो पाहुणाच. तो मात्र सकाळ-संध्याकाळ त्यांच्या घोंगड्याच्या काठावर, अगदी काठावरच, जाऊन बसायचा. मामा त्याला हाकलायचे नाहीत आणि हातही लावायचे नाहीत.

दसऱ्याच्या सुमाराला याच वेतातला भाऊ शहरात कुणाकडं तरी आहे असं कळलं. यजमान त्याला घेऊन आले. तो खरा मुधोळचा! तीन बरगड्या मोजून दिसत होत्या. त्याच्याशेजारी आमचा उभा केला आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या अक्कलहुशारीनं निवडलेली जात मी दूध-तूप घालून बिघडवली होती. यजमान म्हणाले, "याच्यामागं पळवून बघू म्हशीला." कापणी झालेल्या शेतातल्या वाटेवर म्हैस उभी केली आणि भावाला सोडलं.

तो दिसलाच नाही. वाटेवर धुरळा तेवढा उठला. म्हशीनं त्या धुरळ्याकडं बघितलं, मान फिरवली आणि बांधावरचं गवत ओढायला लागली. एवढ्यात आमचा ढोला भावाच्या मागं निघाला. धापा टाकत, पोट हलवत, डुलत डुलत. म्हशीनं तोंडातलं गवत टाकलं आणि एक पाऊल पुढं आली. मग दुसरं. मग चक्क त्याच्या शेपटीला नाक लावून चालायला लागली, शेताच्या टोकापर्यंत. म्हशीला जात नको होती. तिला तिच्या पावलानं जाणारा सोबती हवा होता, आणि सगळ्या कट्ट्यानं मिळून तो नेमका तेवढाच जड करून ठेवला होता.

मी पळत जाऊन मामांना सांगितलं. ते उठले नाहीत. "चालली असंल. चालनं येगळं, पळनं येगळं." पण पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी बघते, तर मामा म्हशीच्या शिंगांना रंग लावत बसलेले. मी त्यांच्याशेजारी चहा ठेवून आले.

पाडव्याला रस्त्याच्या दोन्ही कडांना गाव लोटलं होतं. आम्ही बायका एका ओट्यावर दाटीवाटीनं उभ्या. आमच्या म्हशीची पाळी आली. यजमानांनी कुत्र्याला पुढं नेऊन सोडलं. म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी, घुंगरं गप्प. कुत्रा वळून म्हशीकडं बघतोय, म्हैस वळून मामांकडं बघतेय, आणि मामा खाली मातीकडं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मामा, म्हस झोपली काय?" लोक हसले. मामांनी दावं उचललं आणि म्हशीच्या गळ्यात घालायला पुढं झाले. ते आता तिला घरी नेणार होते.

मला सगळं एकदम समजलं. म्हैस कुत्र्यासाठी अडली नव्हती, हाकेसाठी अडली होती. मी ओट्यावरून उडी मारली. डोक्यावरचा पदर कुठं गेला ते कळलं नाही. भर रस्त्यात, अख्ख्या बावड्यासमोर, शाळेतल्या आवाजात मी सासऱ्यांवर ओरडले, "मामा, हाक मारा की त्याला! तुमची हाक द्या!"

सुनेनं सासऱ्याला असं रस्त्यात बोललेलं त्या गावानं कधी ऐकलं नव्हतं. मामा माझ्याकडं बघत राहिले. मी मागं सरले नाही. मग त्यांनी दावं खाली टाकलं, दोन्ही हात वर केले, तोंड आभाळाकडं केलं, आणि वर्षभर गळ्यात अडकलेली हाक बाहेर आली.

"पळ की लेका!"

म्हैस सुटली. तिला ती हाक रेडकूपणापासून पाठ होती. कुत्र्याला बिचाऱ्याला काहीच पाठ नव्हतं. त्यानं एवढंच पाहिलं, की शिंगं रंगवलेलं एक धूड आपल्यावर चालून येतंय, आणि तो जीव घेऊन पळाला. पैलवानांचं दूध त्या दिवशी कामी आलं! पुढं तो, हातभर अंतरावर म्हैस, कवड्या उडतायत, घुंगरं नुसती दणाणतायत, आणि मागं अनवाणी मामा, पटका सुटलेला, "लेका! लेका!" करत. कट्ट्यावरचे पैलवान तर आपलाच पठ्ठा कुस्ती मारतोय अशा थाटात नाचत होते. फटफट्यांमागच्या म्हशी कुणाच्या लक्षातही राहिल्या नाहीत. मी रस्त्यात उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होते आणि ढसाढसा रडत होते. मला गेलेल्याची आठवण येत होती आणि आनंदही मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वतः म्हशी घेऊन निघाले. भाऊबीजेला माहेरी जायचं म्हणून मीही कट्ट्यापर्यंत सोबत गेले. तिथं परगावच्या एका गिऱ्हाइकानं धारेची वाट बघता बघता विचारलं, "मामा, कंच्या जातीचं म्हणायचं हे कुत्रं?"

"जातीचं सुनंला इचारा, तिनं निवडलंय," मामा धार काढता काढता म्हणाले. "माझा ल्योक हाय त्यो."

आणि त्यांनी भरलेला पेला गिऱ्हाइकाच्या आधी त्याच्यापुढं ठेवला.