भुश्याची पेटी

"हात लावून बघा साहेब. लावा की. अख्ख्या पेटीत एक खिळा सापडला तर कान कापून देतो. खाचेत खाच बसवलीय. कुत्रंच काय, म्हैस कोंबली तरी कुरकुरायची नाही."

विमानाच्या मालगोदामातल्या साहेबानं हात काही लावला नाही. टॉर्चचा उजेड पाडत तो पेटीभोवती एक चक्कर मारून आला, वाकून तळ बघितला, गजांतून आत डोकावला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"पेटी झकास आहे मिस्त्री. शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

"लाकूड भट्टीत तापवल्याचा. अस्सल लाकडातून कीड परदेशात जाते, म्हणून शिक्का लागतो. कागदावर लिहून दिलं होतं तुम्हाला."

लिहून दिलं होतं हे खरं. मिस्त्रीनं ते वाचलंही होतं. पण त्याला वाटलं, हा नियम ओल्या फळ्या ठोकून खोकी बनवणाऱ्या लोकांसाठी असणार. आपला साग शेडमध्ये नऊ वर्षं वाळलेला, त्याला वाळवीनंही कधी तोंड लावलं नाही. त्याला शिक्का म्हणजे सोन्याला कल्हई. असा विचार करून त्यानं ती ओळ ओलांडली होती आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

"भट्टीत घालून आणतो मग. किती वेळ लागतो?"

साहेबानं सांगितलं की शिक्का मारणाऱ्यांकडे तीन आठवड्यांची रांग आहे. विमान गुरुवारचं, आणि आज सोमवार. मग जाता जाता, वाईट हेतू काही नसताना, तो म्हणाला की हीच पेटी प्लायची असती तर दोन मिनिटांत पास केली असती. प्लायला शिक्का लागत नाही.

ते मात्र मिस्त्रीच्या वर्मी बसलं. उभ्या जन्मात त्यानं प्लायला हात लावला नव्हता. प्लाय म्हणजे लाकडाची सालं गोंदानं चिकटवून केलेलं सोंग, असं तो म्हणायचा. कुणी प्लायचं कपाट मागायला आलं की तो दाराकडे बोट दाखवायचा. हळूहळू गिऱ्हाइकांना दार आपलं आपणच सापडू लागलं. घरात चूल पेटायची ती बायकोच्या नर्सच्या पगारावर. ती अकरा महिन्यांपूर्वी परदेशातल्या दवाखान्यात लागली, आणि आता हा, मुलगी आणि भुश्या असे तिघं तिच्याकडे निघाले होते.

भुश्या म्हणजे कुत्रा. रंग भुशाचा, झोपायची जागाही भुशाचा ढीग. तो कुठून आला हे कुणाला माहीत नाही आणि त्याला ठेवून घ्या असंही कुणी म्हटलं नव्हतं. मुलीला फिट येतात. सात वर्षांची असताना ती जिन्यात कोसळली होती. पुढचे दोन दात गेले, हनुवटीला टाके पडले. मिस्त्री तेव्हा हाताच्या अंतरावर रंधा मारत होता, आणि त्याला पत्ता नाही. भुश्या आल्यावर दुसऱ्या महिन्यात घरच्यांच्या ध्यानात आलं, की फिट यायच्या आधी हा पोरीभोवती घिरट्या घालतो, गुडघ्याला नाकानं ढुशा देतो आणि फाटक्या आवाजात भुंकतो. तेवढ्यात पोरगी जमिनीवर आडवी होते, डोक्याखाली दप्तर घेते. चार वर्षांत एकदा म्हणून ती पडली नाही. डॉक्टर म्हणाले, असतं काही कुत्र्यांना अंग. पण कागदावर तसं लिहून देता येईना. कागदावर तो फक्त गावठी, नर, पाळीव.

त्या गावठीला परदेशी न्यायचं तर मानेत चिप, मग लस, मग रक्त लांबच्या तपासणीला, मग तीन महिने थांबा. जागोजागी पैसा. विमानात कुत्र्याचं भाडं पेटीच्या आकारावर, म्हणजे जवळजवळ माणसाच्या तिकिटाएवढं. मिस्त्रीचा थोरला भाऊ चहा पिता पिता म्हणाला होता, "कुत्र्याला विमानानं नेतोयस, मला कधी बसचं भाडं दिलं नाहीस." सगळे हसले होते, मिस्त्रीही हसला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं बाकडं, करवती, पटाशा, रंधे, सगळं शेडसकट कपाटवाल्याला विकलं. कपाटवाला म्हणजे गल्लीतला प्लायचा कारखानदार. मिस्त्रीची सगळी गिऱ्हाइकं त्याच्याकडेच गेलेली.

साहेबानं उरलेलं सांगून टाकलं. पेटी नापास, म्हणून भुश्याची जागा गेली आणि भरलेले पैसेही गेले. त्याच विमानात अजून एक जागा आहे, पण तिचे पैसे नव्यानं, पुरे, उद्या संध्याकाळपर्यंत भरायचे. आणि पेटी बुधवारी सकाळी पुन्हा दाखवायची. हे विमान चुकलं तर कुत्र्याचे कागद शिळे होतात. पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने.

गोदामाच्या बाहेर उभं राहून मिस्त्रीनं बायकोला फोन लावला. तिची चहाची सुटी होती. त्यानं सगळं सांगितलं, शिक्क्याची ओळ वाचली होती हेसुद्धा सांगितलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही.

तो म्हणाला, सगळेच तीन महिने थांबू. ती म्हणाली की तिथल्या मेंदूच्या डॉक्टरची तारीख पुढच्या सोमवारची आहे, आठ महिने रांगेत राहून मिळालेली. ती गेली की मग वर्ष. तो म्हणाला, मग भुश्याला दादाकडे ठेवू. त्यावर तिनं लगेच आठवण करून दिली. दादाच्या बायकोनं भुश्याला एकदा उकळतं पाणी मारलं होतं.

"ऐकताय का?" ती म्हणाली. "तुमचं तिकीट परत करा."

"माझं?"

"उद्यापर्यंत दुसरीकडून पैसे उभे राहत नाहीत. तुमच्याच तिकिटाचे पैसे परत मिळतात. आमच्या मोठ्या सिस्टर सुटीवरून त्याच विमानानं येतायत. त्या पोरीला आणतील."

"आणि घरात ती एकटी? तू बारा-बारा तास ड्यूटीवर."

"शेजारच्या बाई आहेत. भुंकलेलं त्यांना ऐकू जाईल."

"मी असताना शेजारीण कशाला लागतेय?"

"तुम्ही हाताच्या अंतरावर होतात तेव्हा."

चार वर्षांत तिनं हे कधी तोंडातून काढलं नव्हतं. मिस्त्रीनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"म्हणजे आज कुत्र्याची किंमत माझ्यापेक्षा जास्त."

"आज आहे," ती म्हणाली. मग तिचा आवाज फाटला. "मला काय हौस आहे का हो?"

सुटी संपली म्हणून तिनं फोन ठेवला.

तिकिटाच्या दुकानात त्यानं सही केली. बाईनं कारण विचारलं, त्यानं घरगुती असं सांगितलं. कापून जे हाती आलं त्यात भुश्याचं भाडं कसंबसं बसलं. गोदामात पैसे भरून, पेटी हातगाडीवर घालून तो सरळ आपल्या जुन्या शेडवर गेला.

कपाटवाल्यानं आधी पेटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"दोन शीट प्लाय पाहिजे," मिस्त्री म्हणाला. "आणि उद्याचा दिवस बाकडं."

"प्लाय? तुम्हाला? थांबा, पोरांना बोलावतो, त्यांनाही ऐकू दे."

मिस्त्रीनं मान खाली घातली नाही, पण उत्तरही दिलं नाही. इतक्या वर्षांत त्यानं उत्तर दिलं नाही असं पहिल्यांदाच झालं. कपाटवाल्याच्या ते लक्षात आलं आणि त्याची थट्टा तिथंच विरली. काय झालं ते त्यानं विचारून घेतलं. सागाची पेटी त्यानं प्लायच्या बदल्यात ठेवून घेतली. वर म्हणाला की वसतिगृहाच्या चाळीस कपाटांची ऑर्डर आहे, माणूस कमी पडतोय, रोजावर याल का? हे विचारताना तो मिस्त्रीकडे न बघता करवतीच्या पात्याकडे बघत होता.

"येतो," मिस्त्री म्हणाला.

मंगळवारी शाळेतून दाखला घेऊन मुलगी भुश्यासकट शेडवर आली. कुत्रा उभा राहून मान वर करतो तेवढी उंची लागते, म्हणून मिस्त्रीनं त्याला भिंतीशी उभं केलं आणि डोक्यावर काटकोनी गुण्या धरून भिंतीवर खूण केली. प्लाय कापताना त्याच्या कडा चिरत होत्या, स्क्रू पिळला की थर सुटत होते. कुठं चिकटपट्टी लावून कापायचं, कुठं आधी बारीक भोक पाडायचं, हे त्याला कपाटवाल्याच्या माणसाला विचारावं लागलं. पन्नाशीला आलेला माणूस पहिलीतल्या पोरासारखं विचारत होता. पेटी दुपारी उभी राहिली. भुश्या आत गेला, वळला, बसला.

पोरगी गज धरून बसली होती. आईनं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं.

"बाबा, तुम्ही कधी येणार?"

"हे काम आटोपलं की."

"किती काम आहे?"

"चाळीस कपाटं."

तिनं मनाशी काहीतरी मोजलं. चाळीस कपाटांच्या रोजात अर्धं तिकीटही होत नाही, आणि कुत्र्याला कळतं ते आपल्याला आजही कळत नाही, हे दोन्ही मिस्त्रीला माहीत होतं. गोदामाचा कागद वाचताना बोट एक ओळ वर ठेवलं असतं तर, हेही तो कालपासून शंभरदा घोकत होता.

"मग भरभर करा," ती म्हणाली.

"करतो. तू घरी जा, बॅग भर. औषधं वरच्या कप्प्यात घाल, तळाला नको. याला पाणी पाज जाताना."

ती दोघं गेली. कपाटवाल्यानं आतून हाक मारली की पहिल्या दहा कपाटांच्या बाजू आज कापून झाल्या पाहिजेत. मिस्त्रीनं पेटी भिंतीकडेला सरकवली, प्लायची नवी शीट बाकड्यावर आडवी घातली, कापायच्या रेघेवर चिकटपट्टी दाबून बसवली आणि कानामागची पेन्सिल काढून मापं लिहायला लागला.