पडवीतलं लांब हाताचं मशीन

आर्डिस टीमनच्या घरी गोधड्यांचं मशीन आलं ते गुरांच्या गाडीतून. व्हर्डेलनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, गाडी दोनदा धुतली होती, खाली ताडपत्री अंथरली होती. तरी मशीनचे सुटे भाग उतरवताना वासराचा वास आलाच. आर्डिसला त्याचं काही वाटलं नाही. चाळीस वर्षं नेब्रास्कात मका आणि गुरं सांभाळलेल्या बाईला त्या वासाचं काय वाटणार?

असलं मशीन घरात आणायला कारणही तसंच होतं. गावच्या चर्चमध्ये जुनी चाल आहे. बारावी पार केलेल्या प्रत्येक मुलाला मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी बायकांनी शिवलेली गोधडी मिळते. मूल पुढे उभं राहतं, गोधडी त्याच्या खांद्यावर पडते, पाद्री डोक्यावर हात ठेवतो, आणि मग ते पोर शिकायला, नोकरीला, पलटणीत, जिकडे जायचं तिकडे जातं. आर्डिसला मिळाली होती, व्हर्डेलला मिळाली होती, त्यांच्या दोन्ही लेकींना मिळाली होती. त्या गोधड्या चर्चच्या तळघरात मोठ्या लाकडी चौकटीवर ताणून हातानं टाचल्या जात. चौकटीभोवती एके काळी चौदा बायका बसत. आता तिघी उरल्या होत्या. त्यातल्या आर्डिसच्या बोटांचे सांधे आल्याच्या गाठींसारखे सुजले होते, सुई चिमटीत राहत नव्हती. दुसरीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आणि तिसऱ्या हेडविगबाई, वय वर्षं एक्क्याण्णव.

यंदा मुलं पाच होती. हिवाळाभर ठिगळं जोडून पाचही गोधड्यांची वरची पानं तयार झाली होती. पण वरचं पान, मधला कापूस आणि अस्तर एकत्र टाचल्याशिवाय गोधडी होत नाही, आणि टाचायला हात नव्हते.

"पाच झाल्या तर पाच," हेडविगबाईंनी सांगून टाकलं होतं. "नाहीतर एकही नाही. तिघांना द्यायची आणि दोघांनी बाकावर बसून बघायचं, हे माझ्या जिवात जीव असेपर्यंत होणार नाही. चाल मोडायची तर सगळ्यांसाठी मोडू."

तेव्हा आर्डिसनं शेजारच्या परगण्यातल्या एका बाईचं जुनं मशीन घेतलं. याचं डोकं चांगलं हातभर लांब. गोधडी चौकटीच्या रुळांवर ताणलेली राहते आणि मशीनच तिच्यावरून चाकांवर फिरतं, मागं-पुढं, डावं-उजवं. दोन दांड्या धरायच्या आणि चालवायचं. सुजलेल्या बोटांना दांडी धरता येते.

चौकट बारा फुटांची. घरात तेवढी सरळ जागा एकच, बंद करून घेतलेली पडवी, जिथं आर्डिस पूर्वीपासून शिवणकाम करायची. व्हर्डेलनं स्वतः माप घेतलं, दोनदा घेतलं, आणि म्हणाला, "बसतंय. वर सहा बोटं शिल्लक."

बसलं. फक्त पडवीची जमीन पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून बाहेरच्या अंगाला उतरती होती. मशीनचं डोकं सोडलं की आपलंआपण घरंगळत खिडकीकडं जाई.

"याला बाहेर पडायचंय वाटतं," आर्डिस म्हणाली.

व्हर्डेलनं पायांखाली देवदाराच्या चिपा सारल्या. पाणसळ लावून, गुडघ्यावर रांगत, कण्हत, दीड दिवस. शेवटी डोकं जिथं सोडावं तिथं राहू लागलं. त्यानं टोपी मागं सारली आणि आपल्या कामाकडं समाधानानं पाहिलं.

मग आर्डिसनं नक्षीच्या कागदाची गुंडाळी काढली आणि विचारलं, "आता मी मागं कुठून जाऊ?"

"मागं कशाला?"

"नक्षीचा कागद मागच्या फळीवर अंथरायचा असतो. मागं उभं राहून मशीनच्या लाल उजेडाचा ठिपका रेघेवरून न्यायचा, म्हणजे पुढं सुई तशीच चालते. मागं माणूस उभं राहायला लागतं, व्हर्डेल!"

चौकटीची मागची बाजू भिंतीला अशी टेकली होती की मांजरसुद्धा अंग चोरून गेलं असतं.

व्हर्डेलनं फटीत हात घालून पाहिला. "मी आपलं शेडमध्ये हार्वेस्टर घालतात तसं मोजलं," तो हळूच म्हणाला.

"शेडमध्ये हार्वेस्टर उभा करतात. चालवत नाहीत!"

"भिंत काढतो."

"कधी?"

"पेरणी झाल्यावर."

पेरणी संपणार मेच्या मध्याला. मग भिंत, मग टाचणं; तोवर मुलं खांदे उघडे घेऊन निघून गेली असती. आर्डिसनं कागद पुन्हा गुंडाळून ठेवला. एप्रिलमध्ये जमीन वाफशावर आलेली असताना नवऱ्याला भिंत फोडायला लावणारी बाई त्या मुलखात अजून जन्मायची होती.

राहिली पुढची बाजू. पुढं उभं राहून, कागदाविना, मनानं नक्षी काढायची. आर्डिसनं जन्मात तसं केलं नव्हतं. खडूची रेघ मारायची आणि रेघेवरून टाके घालायचे, हेच तिला ठाऊक. तिनं जुन्या चादरी ताणल्या आणि सराव केला. पानं काढायला गेली तर बटाटे झाले. सरळ रेघ ओढली तर ती कोंबडीनं उकरल्यासारखी. सहा दिवस गेले. दोरा तुटे, पुन्हा ओवायला तिच्या बोटांना अर्धा तास लागे. सातव्या दिवशी ती मशीन बंद करून स्टुलावर बसली. हेडविगबाईंना फोन करावा आणि यंदा नाही म्हणून सांगावं, एवढंच मनात होतं.

दुपारी व्हर्डेल जेवायला आला तर टेबलावर जेवण नाही. तो पडवीच्या दारात आला. त्यानं चादर पाहिली. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता.

"ही रेघ कुणी मारली? पिऊन मारली का?"

"चालता हो."

"तू बघतेस कुठं, मशीन चालवताना?"

"सुईकडं. आणखी कुठं बघणार?"

"मग वाकडीच जाणार." त्यानं टोपी काढली. "आता आभाळातला उपग्रह ट्रॅक्टर हाकतो आणि मी बसून सूर्यफुलाच्या बिया चावतो. पण माझ्या बापानं मला पहिल्यांदा पेरणीवर बसवलं तेव्हा मी चाकाकडंच बघत होतो. मातीतला तास असा वाकडा गेला की शेजारी महिनाभर हसले. बाप म्हणाला, चाकाकडं बघू नको, शेताच्या त्या टोकाच्या खांबाकडं बघ. चाक येतं आपलं मागनं."

"ही गोधडी आहे, शेत नव्हे."

"बरं," तो म्हणाला, आणि स्वतःच भाकरीतुकडा शोधायला स्वयंपाकघरात गेला.

तो गेल्यावर आर्डिस उठली. चिडली होती म्हणूनच उठली. तिनं चौकटीच्या उजव्या टोकाला एक लाल टाचणी खोचली, दोन्ही दांड्या धरल्या, आणि सुईकडं न बघता टाचणीकडं बघत चालायला लागली. मशीन घुर्रर करत सोबत आलं. टोकाला पोचून तिनं मागं वळून पाहिलं. रेघ सरळ नव्हती, पण वाकडीही नव्हती. टेकाडाच्या उतारावर तिरपे तास धरावेत तशी ती सावकाश वळत, कुठं न अडखळता आली होती. दुसरी रेघ तिनं पहिलीच्या शेजारून नेली, तिसरी दुसरीच्या.

"व्हर्डेल!" तिनं हाक मारली. तो तोंडात घास घेऊनच आला.

"हे बरं आहे," तो म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठं कौतुक लग्नाच्या दिवशीसुद्धा निघालं नव्हतं.

पहिल्या गोधडीला चार दिवस लागले, पाचवीला दीड. काठ हातानं बसवायचा म्हणून हेडविगबाई अंगुस्तान घेऊन पडवीत येऊन बसल्या. यायच्या आधीच त्यांनी ठरवलं होतं की मशीनचं काम ते मशीनचंच. त्यांनी पहिली गोधडी उलटी केली, कारण शिवणीचं पाप पाठीमागं दिसतं. चष्मा वर सारून, तळवा फिरवत, सगळी पाहिली.

"ही कुणाची नक्षी?"

"कुणाची नाही. माझीच."

"हूं." म्हातारीनं सुईत दोरा ओवला, तोही पहिल्या झटक्यात. "मधे एके ठिकाणी थरथरलीस. पण थांबली नाहीस, हे चांगलं केलंस. काठ इकडं दे. आणि ती कॉफी किती पातळ आहे गं, तळ दिसतोय."

तिसऱ्या रविवारी ऊन असं तापलं होतं की चर्चमध्ये सगळे कागदानं वारा घेत होते. पाच मुलं पुढं उभी राहिली. हेडविगबाईंनी नावं वाचली, आर्डिसनं गोधड्या टाकल्या. उंच पोराच्या खांद्यापर्यंत तिचा हात पोचेना, तेव्हा तो बिचारा गुडघ्यात वाकला. शेवटची मुलगी परिचारिकेचं शिकायला परराज्यात जाणार होती. तिनं गोधडी दोन्ही मुठींनी छातीशी ओढून घेतली.

नंतर बाहेर गवतावर सगळे लिंबाचं सरबत पीत होते. मुलीची आई ओरडली, "अगं, काढ ती! घामानं निथळतेयस."

"असू दे," मुलगी म्हणाली, आणि तशीच, भर उन्हात, गोधडी पांघरून गाडीकडं चालत गेली.