अर्धी दाढी

बाजारातला न्हावी भडक माथ्याचा, पण त्याचा वस्तरा कधी कोणाला लागला नव्हता. बापाचा एकच नियम तो पाळायचा: दुकानाला आग लागली तरी गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं उठू द्यायचं नाही.

नगरपालिकेनं बाजारात भीक मागायला बंदी केली. बंदी म्हणजे काय, तर गरीब दिसला की झोडपायचा. त्या सकाळी पालिकेच्या पथकाला चौकात कोणी भिकारी सापडेना, म्हणून ते दुकानात घुसले. चौकात भीक मागणारा आंधळा म्हातारा खुर्चीत बसला होता, एका गालावर फेस तसाच.

"इथं तो भीक मागत नाही, दाढी करून घेतोय," न्हावी म्हणाला.

पथकाच्या मुकादमानं म्हाताऱ्याच्या नडगीवर काठी हाणली. न्हावी मध्ये पडला, तर त्याचं डोकं आरशावर आपटलं. काचांवरून फरफटत नेऊन म्हाताऱ्याला गाडीत कोंबलं. त्याच्या गालावरचा फेस रक्तानं लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी तोच मुकादम, जणू काही घडलंच नाही अशा थाटात, खुर्चीत येऊन बसला. त्याची दाढी वर्षानुवर्षं फुकटच व्हायची. डोक्याला पट्टी बांधलेल्या न्हाव्यानं फेस लावला, एक गाल तुळतुळीत केला आणि वस्तरा त्याच्या गळ्याच्या घाटीवर टेकवला. मुकादमानं आवंढा गिळला, तशी घाटी पात्याला घासली आणि रक्ताचा थेंब कॉलरवर उतरला.

"ऊठ," न्हावी म्हणाला. "म्हाताऱ्याला सोडवून आण. आधी त्याचा गाल, मग तुझा."