राजपुत्र मनोऱ्याखाली थांबला

रिमोट धरलेला हात काका वर उचलायचे, देवळातली घंटा वाजवायला उचलतो तसा. पडद्यावरचं चित्र थांबायचं. मग पोरांकडे वळून विचारायचे, "थांबा! आता पुढं काय?"

बस्स, एवढंच. आणि एवढ्यावर हॉलभर पोरं वेडी व्हायची.

गंगापूर रोडवरच्या आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी पाच वाजता मी मुलांना गोष्टी सांगते, शाळेतून निवृत्त झाल्यापासून. राक्षसाच्या मनोऱ्यात कोंडलेली राजकन्या, तिला सोडवणारा राजपुत्र, सगळं यथासांग आणि शेवटी लग्न. मग हे गृहस्थ आले. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात जन्मभर फिटर, पोरांचे 'काका'. स्वतःचा प्रोजेक्टर घेऊन सहा वाजता कार्टून सिनेमा दाखवू लागले. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, आपल्या अंगणात शिरतो आणि इतका गोड असतो की भांडताही येत नाही.

महिन्याभरात पाचला निम्मी सतरंजी रिकामी, सहाला पाय ठेवायला जागा नाही. माझी सख्खी नात ओवी! माझ्या मांडीवर बसून गोष्ट ऐकणारी, ती त्यांच्या पुढ्यात पहिल्या रांगेत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हेवाच तो, खोटं कशाला बोलू?

नुसत्या सिनेमाला आलेल्या पोरांना ते दारातच दटावायचे, "पुढच्या वेळी आधी बाईंची गोष्ट ऐकायची, मग सिनेमा." मला तो टोमणा वाटायचा. म्हणजे मी कडू औषध आणि हे वरची साखर.

एकदा त्यांनी माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. "नवा सिनेमा हाये, बाई. तुम्ही आधी बघा. पोरांना चालंल का सांगा."

घरी पाहिला. मनोऱ्यात राजकन्या, खाली राक्षस. इथवर ठीक. राजपुत्र दिमाखात येतो आणि घोड्यासकट खंदकात धपकन पडतो. राजकन्याच दोर टाकून त्याला वर ओढते आणि म्हणते, "दार उघडंच होतं की!" राक्षस बिचारा कपडे वाळत घालतोय. शेवटी लग्न नाहीच. राजकन्या राक्षसाला घेऊन जग बघायला निघते आणि राजपुत्र मनोरा राखत बसतो. माझ्या गोष्टीची अशी उलथापालथ! आणि मेलं, मला हसू आवरेना. त्याचाच जास्त राग आला.

शनिवारी सकाळी वेणी घालताना मी ओवीला सगळा सिनेमा सांगून टाकला. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी पडद्यावर राजपुत्र दिसला आणि हात वर गेला. "थांबा! आता पुढं काय?"

"खंदकात पडणार! लग्न नाहीच होणार!" पोरं एका सुरात ओरडली.

हात तसाच वर राहिला. मग ते हसले आणि त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. "मग आज बाईंकडूनच अजून एक ऐकू," म्हणत दुखरा गुडघा धरून सतरंजीवर पोरांत बसले. मी गोष्ट सांगितली, पण आवाज लागला नाही.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. "पेनड्राइव्ह तुमच्याचकडं होता, बाई."

मी मान खाली घातली.

"जाऊ द्या. माझ्या नातवंडांना हाच सिनेमा दाखवला, कॅनडात असतात. एकदाही हसली नाय. त्यांनी सगळे सिनेमे असलेच पाहिलेले, राजपुत्र पडणार हे आधीच ठाऊक. सरळ गोष्ट कुणी सांगितलीच नाय, तर उलटीचं हसू कुठून येणार? इथली पोरं असल्या सिनेमांना हसतात ती तुमच्या जिवावर. लय हेवा वाटतो तुमचा. एक गोष्ट फोनमध्ये भरून द्याल का, त्यांच्यासाठी?"

"बघू," म्हणाले मी. इतकं ऐकूनही माझी जळजळ गेली नव्हती. गोष्टही ह्यांनीच नेली तर मला काय राहणार?

उन्हाळ्यात ते कॅनडाला मुलाकडे कायमचे गेले. प्रोजेक्टर वाचनालयाला दिला, तो कुणी लावत नाही. पाचला सतरंजी पुन्हा भरते. जिंकले म्हणायचं. ओवीही येते, पण मांडीवर बसत नाही. पडदा टांगायच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसते.

शेवटी परवा मीच फोन घेतला आणि गोष्ट भरली. राजपुत्र मनोऱ्याखाली आला आणि मी मुद्दाम तिथंच थांबले. अर्धीच पाठवली. होऊ दे म्हटलं तिकडंही थोडी तगमग.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मागे त्यांचं ओळखीचं हसणं आणि पुढे दोन अनोळखी पोरं, मोडक्या मराठीत एकमेकांच्या वरचढ ओरडत होती, "आजी, थांबू नको ना! पुढं काय?"

ओवीनं फोन माझ्या हातातून हिसकावला.

"तू त्यांची आजी नाहीयेस," म्हणाली आणि माझ्या मांडीवर येऊन गच्च बसली.