तेल आधी पडलं

नवऱ्याचं तेरावं झालं आणि माझ्या भावाने परतीची तयारी केली, तेव्हा त्याने माझीही पिशवी भरून ठेवली होती. आम्ही यवतमाळकडचे. मी सातवीत शाळा सोडली. लग्न होऊन कवठे महांकाळजवळच्या या द्राक्षवाल्यांच्या घरी आले, तेव्हा सांगली जिल्हा कुठल्या दिशेला येतो तेही मला ठाऊक नव्हतं.

"चाल घरी," भाऊ म्हणाला. "इथं कोण हाय तुले?"

सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. जा म्हणाल्या नाहीत, राहा म्हणाल्या नाहीत. मी पिशवी उचलून आत नेली. त्यात धाडस काही नव्हतं. माहेरी जाऊन पुन्हा कुणाच्या तरी चुलीपाशी जागा मागायची, याचं भय जास्त होतं. इथेही भय होतंच. मिरजेच्या दवाखान्यात नवरा अकरा दिवस तापाने पडला होता, तेवढ्या दिवसांत मला समोरचा चहावालासुद्धा एकटीने सापडला नाही. तोवर कुठेही गेले की नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून.

तो गेला, मागे द्राक्षबाग राहिली आणि बेदाण्याची शेड. वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचं पावडर-तेलाचं पाणी दर वर्षी तोच तयार करायचा. त्या पाण्याने सालीवरचा मेणासारखा थर सुटतो, माल लवकर वाळतो, हिरवा राहतो. फाल्गुनात क्रेट भरून आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू त्याच्यासंगं हुबी असायचीस. तूच कर."

मी उभी असायचे हे खरं. पण मी त्याच्याकडे बघत असायचे, पाण्याकडे नाही. हे सांगायची लाज वाटली. येत नाही म्हटलं तर पिशवी पुन्हा बाहेर येईल, असंही वाटलं. पावडर आधी पाण्यात विरघळवायची आणि मग तेल घालून ढवळायचं. मी तेल आधी ओतलं. ते वर तरंगत राहिलं. कामाच्या बायका खोळंबल्या होत्या, म्हणून मी तशीच पावडर टाकली, चार वेळा काठी फिरवली आणि क्रेट बुडवायला लावले.

सहाव्या दिवशी शेडमधल्या रॅकवर वाळत घातलेले मणी तपकिरी पडलेले. काही तर अजून तसेच फुगीर. बायका माझ्याशी बोलेनात. पूर्वी माझ्या बोलीवरून मला 'तुले-मले' म्हणून चिडवायच्या. तो गेल्यापासून तेही बंद होतं.

सासूबाईंनी एक मणी चावून थुंकला. मी खाली बघून म्हणाले, "आत्या, तेल आधी पडलं माझ्याकडून."

"पडतंय," त्या म्हणाल्या. "त्यानं पयल्या वर्साला आख्खी शेड काळी केलती. चार दिस जेवला न्हाई. तुला सांगितलं न्हवतं व्हय?"

सांगितलं नव्हतं. माझ्यापुढे तो कधी चुकलेलाच नव्हता. मला हसू आलं. पण यावरून त्याला चिडवायला आता तो नव्हता.

दुसऱ्या तोडणीला सासूबाई मुद्दाम तालुक्याला गेल्या. काम काही नव्हतं; पाणी मी कुणाच्या नजरेखाली नाही, एकटीने करावं म्हणून गेल्या, हे मला कळत होतं. त्यांचे उपकार हे असे, न बोलता केलेले. मी पावडर टाकली, तळाशी हात घालून खडा राहिला नाही ना ते तीनदा पाहिलं. मग तेल, धार धरून. काठी लगेच फिरवायला घेतली. पाणी दुधासारखं झालं तरी मी ढवळतच राहिले.

"ए तुले-मले," एक बाई म्हणाली, "ताक करतीस व्हय? बुडवू का आता?"

"बुडवा," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. "कधी येतं?"

"माल रॅकवर हाय. पंधरा दिवस लागतीन."

"अन् मंग?"

"मंग निवडायचा हाय."

तो रागावला असेल. या खेपेचा माल अजून हिरवा आहे, हे मला त्याला सांगायचं होतं, पण पश्चिमेला आभाळ काळवंडत होतं आणि वाळायला घातलेल्या मालाला एक सरसुद्धा चालत नाही. फोन खांद्याने कानाशी दाबून मी शेडच्या बाजूचे प्लास्टिकचे कागद खाली सोडायला लागले.