फिटरकाका आणि न कुटायची गोळी

फिटरकाकांना 'कसं वाटतंय?' असं विचारलं की ते आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मगच बोलायचे. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनी दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. तोंडाचा कॅन्सर झाल्यावर ते नाचणगावला, आमच्या घरासमोर राहायला आले. बारा तास पुरणारी मॉर्फिनची गोळी सुरू झाली आणि कित्येक महिन्यांनंतर ते खाटेवर उठून बसले, काकूशी भांडायला लागले.

ती गोळी मिळवायला आम्ही तीन दवाखाने पालथे घातले. एका ठिकाणी सरळ सांगितलं, "नशा लागेल." तंबाखूचा खर्रा टपरी-टपरीवर मिळतो, त्यानं झालेल्या रोगाचं दुखणं थांबवायचं म्हटलं की सगळ्यांना नशा आठवते! मी भडकले आणि पत्रक काढलं : 'वेदनामुक्ती ही भीक नाही, हक्क आहे!!!'

काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "हक्क झकास लेहला पोरी. पन गोळी घ्याची कशी, हे कोन लेहीन? तुहा बाप?"

"ते डॉक्टर सांगतात काका."

"डॉक्टर दवाखान्यात सांगते. घरी काकूचं राज हाय."

गोळ्या ते पेटीत कुलूप लावून ठेवत. आमच्याकडे औषध लोणच्यासारखं शेजारी वाटतात. शेजारचे दिगांबरभाऊ एकदा कंबर धरून आले, "एक दे ना गा, लय दुखून राह्यलं." काका म्हणाले, "माह्या अंगाले सवय हाय, तुह्या नाई. मले औषध अन् तुले तिरडी होईन. जाय, दवाखान्यात दाखव." दिगांबरभाऊ महिनाभर बोलले नाहीत. काकांना त्याचं काही नव्हतं.

मग त्यांचं तोंड उघडेना. गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. म्हाताऱ्यांचं औषध कुटून भरवायचं, ही आमच्या घराघरातली माया. काकूनंही तेच केलं. मी तिथंच बसले होते, पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन, आणि मला काही खटकलं नाही. काकांनी कण्यांची वाटी तोंडाजवळ नेली आणि थांबले.

"काय टाकलं याच्यात?"

"तुमची आठची गोळी. बारीक केली जी, गिळता नाई येत तुमाले."

काकांनी वाटी खाली ठेवली. "ते बारा तास थोडी थोडी सुटते. कुटली त सारं औषध एका झटक्यात अंगात जाईन. श्वास बंद पडला असता माहा."

काकू रडायला लागली. "मी काय दुश्मन हावो तुमची?"

"दुश्मन कायले एवढी मेहनत करन?" असं म्हणून त्यांनी तिचा हात धरला. मग माझ्याकडे वळले, "तू काय पाहून राह्यली? दवाखान्यातल्या सिस्टरले फोन लाव."

दुखणं चढत होतं, तरी सिस्टर बोलेपर्यंत त्यांनी मनानं काहीही घेतलं नाही. अचानक उठणाऱ्या कळेसाठी दिलेलं औषध तिनं द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी बदलून पातळ औषध दिलं, दर चार तासांनी. इलाज एवढा सोपा होता, आणि आम्ही बत्ता उचलला होता!

नवं पत्रक काकांनी सांगितलं, मी लिहिलं. गोळी अख्खी गिळा. कुटू नका, चावू नका, तोडू नका. गिळता येत नसेल तर डॉक्टरला सांगा. वेळेआधी दुखलं म्हणून जास्तीची घेऊ नका, बरं वाटलं म्हणून एकाएकी बंद करू नका. दारू नाही, न विचारता झोपेची गोळी नाही. पोट साफ होण्याचं औषध सोबत मागा. माणूस हलवूनही जागा होईना, श्वास मंद झाला, तर तडक दवाखाना गाठा.

"आणि हक्क?" मी विचारलं.

"खाली लेह. जिता राह्यला त मागन."

काका एका दुपारी गेले. आदल्या दिवशीच त्यांनी भाजीत मीठ कमी म्हणून काकूला सुनावलं होतं. तिसऱ्या दिवशी तळेगावचे त्यांचे चुलतभाऊ भर बैठकीत म्हणाले, "त्या मॉर्फिननंच खाल्लं माह्या भावाले."

मी उत्तर द्यायला उठलेच होते. पण काकूनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "खाल्लं त्या गाठीनं, भाऊजी. मॉर्फिननं त आखरीपर्यंत माह्याशी भांडू देल्लं त्याइले."