गोचिडांची बाटली
रॉकेलचा वास आला की कागलजवळच्या शाळेतला तो वर्ग आठवतो. गोचिडांचा धडा होता, म्हणून मी मुलांना घरच्या जनावरांचे गोचीड रॉकेलच्या बाटलीत घालून आणायला सांगितलं होतं. एका मुलीची बाटली गच्च भरलेली. मी तिला शाबासकी दिली. गोचीडतापात जनावराची लघवी लाल होते, असं सांगितल्यावर तीच उभी राहिली. "सर, आमची म्हस परवापास्नं तसंच मुतती. आई म्हणती उष्णता हाय. ताक पाजतोय." जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावत राहिलो, कुणी उचलेना. शेवटी वर्ग सोडून मोटारसायकलवर त्यांना शोधून आणलं, तोवर म्हशीनं मान टाकली होती. गोठ्याच्या दारात ती मुलगी हळूच म्हणाली, "ह्यो धडा परवाच का न्हाय घेतलासा?" आता शाळा उघडली की पहिल्याच दिवशी, हजेरीच्याही आधी, मी तोच धडा घेतो.